छाप्याची बाजू

औषधांच्या दुकानदाराने सुट्टे पैसे काचेवरून पुढे सरकवले आणि ते गोळा करताना त्याचा अंगठा थांबला. बाकी काहीच झालं नव्हतं. मागे उभी असलेली बाई 'सरका की हो पुढे' म्हणाली, दुकानदाराने गोळ्यांची पिशवी हातात दिली, बाहेर कुणाची तरी गाडी मागे येताना पिपाणी वाजवत राहिली. फक्त पाचाच्या एका नाण्यावर जिथे बोटाला उंचवटा लागायला हवा होता तिथे खळगा लागला होता. टांकसाळीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी नोकरी संपल्याचं अंगठ्याला कुणी कळवलेलं नव्हतं. सुट्टे पैसे तो अजूनही मोजून घ्यायचा नाही, चाचपून घ्यायचा. बायको त्यावरून पाहुण्यांपुढे त्याची टिंगल करायची. म्हणायची, 'यांना किती पैसे मिळाले ते विचारू नका, कसे छापलेत ते विचारा.' आणि पाहुणे हसले की तोही हसायचा, कारण ते खरंच होतं.

रस्ता ओलांडून तो बसथांब्याच्या बाकावर टेकला आणि नाणं उन्हाकडे धरलं. छाप्याच्या बाजूला, उजव्या अंगाला, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत छाप नव्हतीच. त्या जागी कापडाची वीण उमटली होती, उभे आडवे धागे मोजता यावेत इतकी स्वच्छ. त्याने नाणं उलटलं. काट्याच्या बाजूला, म्हणजे जिथे किंमत आणि साल असतं तिथे, पाचाचं पोट किंचित पुसट होतं. उगाच कुणाच्या लक्षात आलं नसतं इतकंच. त्याने साल वाचलं. मग सालाच्या शेवटच्या अंकापासून कडेपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ त्याला दिसली. चार नंबरच्या मशीनचा ठसा त्या आठवड्यात तडकला होता. ती रेघ त्याने शंभर वेळा पाहिली होती. म्हणजे हे तेव्हा बँकेत गेलेल्या त्या पिशवीतलंच होतं. बावीस वर्षांपूर्वी वितळवून टाकलेल्या नाण्यांतलं एक वितळायचं राहून गेलं होतं, गावभर फिरलं होतं, आणि बायकोच्या गुडघेदुखीच्या गोळ्या घेताना त्याच्याच हातात येऊन पडलं होतं. त्याला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हे खोटं असू दे. कुणीतरी घरी बसून ठोकलेलं असू दे.

टांकसाळीत त्याला छापेवाला म्हणत आणि त्याच्या मेहुण्याला, बायकोच्या थोरल्या भावाला, काटेवाला. मशीनमधून नाणी घसरगुंडीवरून एकाच अंगाने, छापा वर करून, पट्ट्यावर यायची. पट्ट्याच्या पहिल्या अर्ध्या भागापाशी तो बसायचा. मध्यावर एक रूळ होता, त्याच्यावरून नाणी उलटी व्हायची आणि काटा वर करून दुसऱ्या पट्ट्यावर पडायची. तिथे दादा बसायचे. बायको दादा म्हणायची म्हणून तोही दादा म्हणायचा. ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती. 'जावईबापू,' पहिल्या दिवशी दादा म्हणाले होते, 'इथे बघायचं काही नसतं. जे असायला हवं ते नसलं, की ते दिसतं. बस्स.' दोन दिव्यांच्या मध्ये मान घालून चार-चार तास बसायचं. पहिला तास बरा जायचा. दुसऱ्या तासात पट्टा थांबल्यासारखा व्हायचा आणि आपण, खुर्ची, भिंत, सगळं मागे मागे वाहायला लागायचं. सुट्टीच्या दिवशी घरी चहा पितानासुद्धा टेबल हळूच डावीकडे सरकायचं. हे सगळ्यांना व्हायचं, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. त्याहून वाईट एक होतं. डोळे उघडे असायचे, हात पट्ट्याच्या कडेवर असायचा, आणि माणूस तिथे नसायचा. झोप नव्हे ती. झोप आली तर मान पडते, मुकादम ओरडतो. हे कुणालाच कळायचं नाही, ज्याचं त्यालाही नाही. मग एकदम परत आल्यावर पट्टा दिसायचा आणि प्रश्न पडायचा की मधली नाणी कुणी पाहिली.

त्या दिवशी तसं झालं होतं का? बावीस वर्षांत त्याने तो दिवस इतक्या वेळा काढून बघितला होता की त्याची कड झिजली होती. घरात कुणी आजारी नव्हतं. भांडण नव्हतं. विशेष असं काहीच नव्हतं, नुसता पट्टा होता. ठसा पुसायच्या चिंधीचा तुकडा मशीनमध्ये राहिला, ठशाला चिकटला, आणि वीस-पंचवीस नाणी तशीच दाबली गेली, हे आता या नाण्यावरून दिसत होतं. बँकेतून पिशवी परत आली तेव्हा दादा दोन दिवस रजेवर होते. मोठ्या साहेबांनी त्याला एकट्यालाच खोलीत बोलावलं. टेबलावर ताटात ती नाणी होती, सगळी काटा वर. साहेबांनी त्यातलं एक उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. काटा वर होता. 'बघा आणि सांगा,' साहेब म्हणाले. त्याने बघितलं. पाचाचं पोट पुसट होतं. 'काट्याच्या बाजूला पुसट आहे, साहेब,' तो म्हणाला. साहेबांनी ते दादांच्या बाजूची चूक म्हणून लिहून घेतलं, नाणं परत ताटात टाकलं, आणि नियमाप्रमाणे संध्याकाळच्या आत ताट भट्टीकडे गेलं. एवढंच झालं होतं. जे बोलला त्यातला शब्दही खोटा नव्हता. फक्त त्याने नाणं उलटलं नव्हतं. ज्या माणसाचा धंदाच उलटून बघायचा, त्याने नाणं उलटलं नव्हतं. आणि खालची बाजू तर तळहाताला टेकलेली होती. तळहाताला काही लागलं होतं का? या एका प्रश्नाशी तो बावीस वर्षं राहत होता, आणि जागेपणी तरी उत्तर 'नाही' असंच होतं.

दादा रजेवरून आले ते तणतणतच. 'काट्यावर नुसती सावली पडते,' ते साहेबांना म्हणाले, 'मूळ खोट पलीकडे असते. छाप्याला काहीतरी अडकलं असणार. नाणी दाखवा.' नाणी कुठे होती दाखवायला! दादांचा स्वभाव तसाही वरच्यांना खुपणारा, त्यात आवाज चढलेला. महिन्याच्या आत त्यांना काढलं. त्यानंतरच्या रविवारी ते बहिणीच्या दारात आले आणि शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाले, 'तुझा नवरा खोटं बोलला.' बायकोने दार लावून घेतलं. भावाच्या तोंडावर. तिला नवऱ्याचं बोलणं तपासावंसं वाटलं नाही, आणि त्या गोष्टीचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. नंतरनंतर ती रात्रंदिवस त्याच्यावर टाकत असलेला विश्वास बघून त्याचा जीव गुदमरायला लागला, पण तोवर फार उशीर झाला होता, आणि रोज थोडा अधिक होत होता.

आणि आता परवा भाचीचा फोन आला होता. दादांचं काही खरं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. 'आत्या, एकदा येऊन जा गं. ते दाराकडे बघत असतात.' बायकोने फोन खाली ठेवला आणि ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली. बऱ्याच वेळाने पाठमोरीच म्हणाली, 'त्याने आधी म्हणावं, चूक माझी होती. माझ्या नवऱ्याला चारचौघांत खोटारडा म्हणाला होता तो. एवढं म्हणू दे, आहे तशी उठून जाते.'

'अगं, आजारी माणूस आहे,' तो म्हणाला होता.

'तुम्ही नका बोलू त्याच्या बाजूने. तुमचा हा चांगुलपणाच नडतो.'

चांगुलपणा! तो हातातल्या पेपरमागे गेला होता.

गोळ्या घेऊन तो घरी आला. बायकोने पिशवी घेतली, चेहरा बघितला. 'काय हो, असे का दिसताय? ऊन लागलं का?' त्याने मान हलवली आणि गॅलरीत खुर्ची टाकली. जुनं भिंग कपाटातून काढलं. कामाची एक रीत त्याच्या अंगात मुरलेली होती. नाणं टांकसाळीतच बिघडलं की बाहेर कुणी बिघडवलं, हे एका नजरेत सांगायचं नाही. आधी वीण बघायची, मग कड, मग उलटी बाजू, मग वजन, आणि शेवटी दुसऱ्या जाणत्या माणसाचे डोळे. सगळं जमल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एरवी लोक असलं नाणं हातात आलं की ते अस्सल निघावं, चांगला भाव यावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात. त्याचं उलटं चाललं होतं. तो खोट शोधत होता, नाणं खोटं असल्याची खूण. खळग्याचा तळ खरवडलेला असेल. नव्हता. धातू बाजूला सरकून कडेला फुगवटा आला असेल. कड सरळ होती. मनाशी त्याने म्हटलं, वजन राहिलंय. वजन झाल्याशिवाय काही बोलायला नको. आतून बायको कुणाशी तरी फोनवर बोलत होती. 'नाही गं, मी कशी जाऊ? यांचा मान आहे की नाही काही?' त्याने भिंग रुमालात गुंडाळलं. आज वजन करायला उशीर झालाय, असं त्याने ठरवलं. अजून चार वाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो ओळखीच्या सोनाराकडे गेला. सोनाराने नाणं तराजूत टाकलं, आकडा सांगितला, आणि 'आता नाणी मोडीत काढता की काय?' म्हणून हसला. वजन बरोबर होतं. ठोकून, कानस मारून ते कमी झालेलं नव्हतं. तो तिथून सरळ घरी यायला निघाला आणि दादांच्या घराकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यापाशी उभा राहिला. एक बस आली, गेली. दादांसमोर जाऊन काय सांगायचं? दादा, तुमचं बरोबर होतं. आणि मग? मग दादा म्हणतील, हे तिला सांगितलंत? तेच तर होतं. दादांना सांगणं एक वेळ जमलं असतं. शिव्या दिल्या असत्या, थुंकले असते, चाललं असतं. पण संध्याकाळी घरी येऊन तिला सांगायचं, की ज्याच्या शब्दावर तू सख्ख्या भावाला बावीस वर्षं तोडलंस, त्याने नाणं उलटूनसुद्धा बघितलं नव्हतं. भावाच्या मुलीचं लग्न तू गच्चीवरून पलीकडच्या कार्यालयातली वाजंत्री ऐकून साजरं केलंस ते माझ्यापायी. ती ओरडली असती तर बरं. ती ओरडणार नाही. ती खाली बसेल आणि विचारेल, 'म्हणजे तुम्हाला माहीत होतं?' आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे आजही नव्हतं. दुसरी बस आली तेव्हा त्याला आठवलं की जाणत्या माणसाचं मत अजून घ्यायचं राहिलंय. त्याला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटण्याची लाजही वाटली.

जुन्या नाण्यांचा एक दुकानदार बाजारात एका जिन्याखाली बसायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे गेला. दुकानदाराने नाणं घेतलं, डोळ्याला नळी लावली, आणि त्याची अखंड बडबड एकदम थांबली.

'कुठे मिळालं?'

'सुट्ट्या पैशात. कुणीतरी ठोकलेलं दिसतंय.'

'ठोकलेलं?' दुकानदार हसला. 'रोज दहा जण येतात माझ्याकडे, काका. कुणी चिमट्यात दाबून आणतो, कुणी तेजाबात बुडवून. ठोकलं असतं तर अक्षर चेपलं असतं. इथे अक्षर चेपलेलं नाही. ते झालंच नाही.'

'कापडावर ठेवून हातोडा मारला तर वीण उमटते,' तो म्हणाला. आपला आवाज अजिजीचा येतोय हे त्याला कळत होतं.

'मग मागची छाप सपाट झाली असती. इथे बघा, फक्त त्याच जागेपुरती पुसट आहे. धातू वर चढलाच नाही. तुम्ही विकायला आलात की नावं ठेवायला?' दुकानदाराने पुन्हा नळी लावली. 'अस्सल आहे. एक नंबर. टांकसाळीत कोण डुलक्या काढत होतं कोण जाणे, पण तुमचं नशीब उघडलं. बोला, काय घेणार?'

त्याने नाणं परत मागितलं. दुकानदाराने भाव वाढवला, मग आणखी वाढवला, मग चिडून म्हणाला, 'घरात ठेवून काय करणार आहात? पूजा?' तो बाहेर आला. आता काहीच उरलं नव्हतं. वीण, कड, उलटी बाजू, वजन, जाणता माणूस. आयुष्यात एकदाही त्याने इतक्या नेकीने तपासणी केली नव्हती, आणि ती कशासाठी केली तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन दिवस त्याने नाणं तपासलं नव्हतं. तीन दिवस काढले होते. माणूस मरायला टेकलेला असताना मधले दिवस काढावेत, म्हणजे कुणास ठाऊक, मध्येच काहीतरी होऊन बोलण्याची गरजच उरणार नाही, असा विचार आपण केला का? त्याने तो विचार उलटून बघितला. होता. तिथे होता तो, स्वच्छ, मोजता यावा असा.  मग त्याने ठरवलं. आत्ता घरी जायचं, तिला खुर्चीवर बसवायचं, नाणं तिच्या हातावर ठेवायचं, छापा वर करून, आणि बोलायचं. ठरवल्यावर पाय हलके झाले. चौकातून घरापर्यंत तो जवळजवळ पळतच आला, आणि जिन्यात दम खायलाही थांबला नाही.

बायको दारातच उभी होती. साडी बदललेली, हातात पिशवी, डोळे रडून लाल, आणि चेहऱ्यावर असं काही उजळलेलं, की ती त्याला क्षणभर परकीच वाटली.

'अहो, कुठे होतात? किती वाट बघायची? दादाचा निरोप आला.'

'गेले?' त्याने विचारलं. आणि स्वतःचा प्रश्न ऐकून तो शहारला.

'काहीतरीच काय बोलता! कबूल केलं त्याने. पोरीकडून फोन लावून घेतला, स्वतः बोलला. धाप लागत होती नुसती. म्हणाला, चूक माझीच होती गं, काट्याच्या बाजूलाच होतं, मीच बघितलं नाही. तुझा नवरा खरं बोलला. आता ये.' तिने पदराने डोळे पुसले आणि हसली. 'मी म्हणत नव्हते? बावीस वर्षं म्हणत नव्हते? अहो, बघता काय, चला ना. त्याने तुम्हालाही बोलावलंय.'

 बोलायचं सगळं घशाशी तयार होतं, पण ते वेगळ्या घराकरता, वेगळ्या बाईकरता तयार केलेलं होतं. बसमध्ये ती खिडकीशी बसून दादाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. तिने बावीस वर्षांत त्यांचं नावही घेतलं नव्हतं, आणि आता थांबता थांबत नव्हती. दादाने तिला सायकल शिकवली, पाठीमागून धरतो म्हणून सांगितलं आणि केव्हाच सोडून दिलं. दादाला अंधाराची भीती वाटायची. ती मध्येच त्याचा हात धरून म्हणाली, 'त्याला टोचून काही बोलू नका हं. झालं ते झालं.' त्याने मान हलवली. पुढच्या थांब्याला सांगू, असं त्याने तीन थांबे मनाशी म्हटलं.

दादांची खोली लहान होती. पलंग, औषधांचं स्टूल, खिडकीला अर्धा पडदा. पलंगावर जे होतं त्यात त्याला दादा शोधावे लागले. बायको आत शिरताच 'दादा रे' म्हणून त्यांच्या छातीवर कोसळली, आणि दादा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.  बऱ्याच वेळाने ती उठली, भाचीबरोबर तोंड धुवायला आत गेली. नळाचा आवाज यायला लागला. खोलीत ते दोघेच उरले. छापेवाला आणि काटेवाला. मधे रूळ नव्हता आता.

दादांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे मात्र तेच होते, दिव्याखालचे. रागाचं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना. ते वाट बघत होते. उगाच नाही, घाईने नाही. जो माणूस जन्मभर नाणी आपल्या बाजूला उलटून येण्याची वाट बघत बसला, तसे ते बघत होते. त्याला एकदम समजलं की दादांना सगळं ठाऊक आहे, तेव्हापासून ठाऊक होतं, आणि बहीण भेटावी म्हणून त्यांनी नको ते पदरात घेतलंय. 'जावईबापू,' ते म्हणाले. एका शब्दाला दोनदा श्वास घ्यावा लागला. 'काही बोलायचंय?'

आत नळ वाहत होता. बायको भाचीला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. किती दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. त्याने तो आवाज ऐकला. एवढं नळाचं पाणी संपेपर्यंत वेळ होता, आणि एक वाक्य पुरलं असतं.

'नाही, दादा,' तो म्हणाला. 'काही नाही.'

दादांनी डोळे मिटले आणि उघडले. नळ बंद झाला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, पलंगाच्या कडेला बसली, आणि भावाचे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. मग तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की त्याला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

'अहो,' ती म्हणाली, 'तुमच्या तोंडून एकदा ऐकू दे त्याला. मनात काही नाही म्हणून सांगा. माफ केलं म्हणा, म्हणजे त्याचा जीव शांत होईल.'

भाची दारात उभी होती. तिघंही त्याच्याकडे बघत होती.

'केलं माफ, दादा,' तो म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ आला.

 दादांनी पांघरुणाखालून आधी एक हात काढला, मग जरा थांबून दुसरा, आणि दोन्ही हात जोडून ते त्याच्यासमोर तसेच धरून ठेवले.